आतोबांचं धनीपण

आमच्या लहानपणी कल्याणात खाडी होती, मोडका किल्ला होता, आगगाडीचं मोठं स्टेशन होतं, मामलेदाराची कचेरी होती आणि आमचे आतोबा होते. यांतलं कोणाच्याही हुकमाखाली नसलेलं असं काही असेल, तर ते म्हणजे आमचे आतोबा. खाडीसुद्धा भरती-ओहोटीच्या वेळा पाळते. आतोबा स्वतः ठरवल्याशिवाय काहीही पाळत नसत, आणि एकदा ठरवलं की इतकं कडक पाळत की त्यापुढे सरकारचे कायदे मला फार मवाळ वाटत.

आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. उंच, सडपातळ, कपाळावर एक उभी आठी, खांद्यावर नेहमी धुतलेलं उपरणं. पूर्वी कल्याण, खडवली भागातल्या मराठी शाळांत मास्तर होते, आणि व्याकरण शिकवून शिकवून त्यांना एक खोड जडली होती. कुठलंही वाक्य कानावर पडलं की त्यातला कर्ता शोधायचा. घरात कोणी ‘कप फुटला’ म्हणालं की ते शांतपणे विचारत, ‘फुटला की फोडला?’ पण त्यांचा खरा राग होता तो सरकारी जाहीरनाम्यांवर. एकदा चावडीवर कागद लागला की सार्वजनिक विहिरीपाशी जनावरं धुण्यास मनाई करण्यात येत आहे. आतोबांनी तो मोठ्यानं वाचला आणि शिपायाला विचारलं, ‘यात कर्ता कुठे आहे?’

शिपाई बिचारा म्हणाला, ‘कर्ता सरकार.’

‘सरकार म्हणजे कोण?’

‘साहेब.’

‘आणि साहेबांच्या वर?’

‘वर विलायत.’

‘म्हणजे आपली विहीर कशी वापरायची हे विलायतेनं ठरवलं. विलायतेनं ही विहीर पाहिली आहे का?’

शिपायानं हात जोडले. ऐकणाऱ्यांना वाटलं की आता मास्तर मुद्दाम बैल आणून विहिरीवर धुणार. आतोबांनी तसं काही केलं नाही. त्यांनी संध्याकाळी आळीतली सगळी घरं बोलावली, दोन तास चर्चा केली आणि विहिरीपाशी जनावरं धुवायची नाहीत असं ठरवलं. मग ‘आम्ही आळीतली माणसं असं ठरवतो की’ अशा सुरुवातीचा कागद स्वतःच्या टपोऱ्या अक्षरात लिहून सरकारी कागदाशेजारी डकवला. दोन्ही कागदांचा अर्थ तोच. मी हसलो तेव्हा म्हणाले, ‘अरे, हसू नकोस. त्या कागदानं आपण ताबेदार होतो, या कागदानं धनी होतो. विहीर दोन्हीकडून स्वच्छच राहते.’

याला ते धनीपण म्हणत. पुढे ठाण्याच्या एका वकिलांनी त्यांना थट्टेनं ‘सार्वभौम मास्तर’ म्हणायला सुरुवात केली, तेव्हा त्यांनी तो शब्द साफ नाकारला. ‘सार्वभौम म्हणजे साऱ्या भूमीचा मालक. एवढी भूमी घेऊन मी काय करू? जी मला रोज दिसते तिच्यापुरतं विचारा.’

हे धनीपण सांभाळायला सोपं नव्हतं. रेल्वेची घड्याळं तेव्हा मद्रासच्या वेळेनं चालत, आणि मद्रासची वेळ आमच्या सूर्यापेक्षा जवळजवळ अर्धा तास पुढे. साऱ्या गावानं ते निमूटपणे मान्य केलं होतं. आतोबांचं म्हणणं, कल्याणला दिवस कधी उगवतो हे मद्रासनं कल्याणला सांगू नये. अंगणात त्यांनी एक काठी रोवली होती. तिच्या सावलीवर ते घराबाहेर पडत आणि स्टेशनात पोहोचत तेव्हा गाडी सुटून गेलेली असे. मग ते फलाटावर उपरणं अंथरून पुढच्या गाडीची वाट बघत बसत. चेहऱ्यावर पराभवाची खूण नसे. शेवटी आत्यानंच तोड काढली. त्यांना ठाण्याला जायचं असेल त्या दिवशी ती पान अर्धा तास आधी वाढायची. ‘इकडच्या वेळेला मी हात लावत नाही,’ ती मला म्हणाली, ‘पण भात झाला की झाला.’

आतोबा यावर कधी बोलले नाहीत, कारण स्वयंपाकघर ही आत्याची हद्द होती आणि ती त्यांनी स्वतः मान्य केलेली होती. उंबऱ्याबाहेर उभे राहून ते ‘आत येऊ का?’ विचारत आणि आतून ‘या’ आल्याशिवाय पाऊल टाकत नसत. एकदा आत्याच्या हातून आमटीत मीठ राहिलं. मी वाटी बाजूला सरकवली. आतोबा शांतपणे जेवत होते. मी खुणेनं विचारलं तेव्हा हळूच म्हणाले, ‘तिच्या राज्यातला प्रश्न आहे. तिनं काढला तर बोलू.’ दुसऱ्याच्या हद्दीला इतका मान देणारा स्वातंत्र्यवादी मी पुढे आयुष्यात पाहिला नाही. बहुतेकांना स्वतःपुरतंच राज्य हवं असतं.

मी तेव्हा बावीस वर्षांचा, ठाण्याला कचेरीत नवा कारकून. सुट्टीला कल्याणला आत्याकडे जेवायला जात असे. ठाण्यात व्याख्यानं ऐकून ऐकून मी देशाभिमानानं भारून गेलो होतो, आणि आतोबांचं विहिरीएवढं धनीपण मला कोतं वाटे. एकदा धीर करून विचारलं, ‘आतोबा, प्रत्येक आळी आपापली धनीण व्हायला निघाली तर देशाचं काय होणार?’

आतोबा मग म्हणाले, ‘देश आईसारखा आहे हे मला मान्य आहे. पण आईच्या नावानं घरात कोणीही हुकूम सोडायला लागला, तर एकदा आईला विचारून यावं की नाही? तुझे व्याख्याते देशाच्या नावानं बोलतात, ते वकील लोकांच्या नावानं बोलतात. चांगली माणसं आहेत. मी इतकंच विचारतो, की तुम्ही विचारलंत कोणाला?’

‘लोक’ हा शब्द त्यांच्यासमोर उच्चारायची सोय नव्हती. ‘लोक म्हणतात’ असं कोणी म्हणालं की ते पाटी-पेन्सिल पुढे ओढून म्हणत, ‘नावं सांगा.’ चार-पाच नावांनंतर सांगणारा अडखळे. मग आतोबा पाटी पुसून म्हणत, ‘म्हणजे पाच जण म्हणतात. ठीक आहे, पाच तर पाच.’

हे सगळं मी गमतीनंच घेत होतो. त्यांच्या या खोडीत किती बळ होतं ते मला खडवलीच्या बाजूला जे घडलं तेव्हा कळलं.

खडवलीजवळच्या एका गावात आतोबांची थोडी भातजमीन होती. आमच्या भागात भाताच्या रोपांसाठी आधी जमीन भाजतात. माघात रानातल्या झाडांचे डहाळे तोडायचे, शेतात पसरायचे, उन्हाळ्यात जाळायचे. याला राब म्हणतात. राब नाही तर रोप नाही, आणि रोप नाही तर भात नाही. त्या वर्षी गावामागचा डोंगर जंगलखात्यानं राखीव केला आणि डहाळे तोडायला मनाई केली. माघ संपत आला, शेतं उघडी पडली होती, आणि डोंगराच्या पायथ्याशी खात्याची चौकी बसली होती.

ठाण्याचे ते वकील तिथे सभा घ्यायला आले. मोठा गोड गळा आणि माणूस धडाडीचा. आसपासच्या चार गावांतून माणसं नदीकाठी जमली होती. मी आतोबांबरोबर गेलो होतो आणि सरकारी नोकर असल्यानं एका बैलगाडीच्या आड उभा होतो. वकील दुसऱ्या गाडीवर चढून बोलत होते. ‘रान कोणाचं? लोकांचं. राज्य कोणाचं? लोकांचं. आणि लोक म्हणजे तुम्ही.’ प्रत्येक वाक्याला गर्दी वाढल्यासारखी वाटत होती. इतक्यात काही जण जंगलखात्याच्या शिपायाला चौकीतून धरून घेऊन आले. त्याचे हात त्याच्याच पागोट्यानं बांधले होते. चौकी जाळायची भाषा सुरू झाली. कोणी म्हणालं, याला आत ठेवूनच जाळू. वकिलांचा चेहरा पडला. एवढं त्यांना नको होतं. ते दोन्ही हात वर करून काही सांगू लागले, पण आता त्यांचं कोणी ऐकत नव्हतं.

आतोबा गर्दीतून वाट काढत गेले आणि त्या शिपायाशेजारी जमिनीवर मांडी घालून बसले. वर्गात एखाद्या रडणाऱ्या मुलाशेजारी बसावं तसे.

‘तू कुठला रे?’

‘इथलाच, मास्तर. माळावर घर हाय माजा.’

‘मग तू गावचाच. तुझंही मत धरावं लागेल.’ असं म्हणून त्यांनी त्याचे हात सोडवायला घेतले.

गर्दीतून एकजण ओरडला, ‘मास्तर सरकारला मिलाला.’ मागून मातीचं ढेकूळ येऊन आतोबांच्या पाठीवर फुटलं. मी गाडीआड आणखी सरकलो. आतोबा उठले, उपरणं झटकलं, वळले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, ‘ज्यानं मारलं त्यानं नाव सांगावं. पहिलं मत त्याचं लिहून घेतो.’

कोणी पुढे आलं नाही. मग ते सगळ्यांना उद्देशून बोलले, आणि तेही फार थोडं. ‘रान गावाचं आहे, हे मलाही मान्य आहे. मग गावानं ठरवू द्या. इथे चार गावची माणसं आहेत, आमच्या गावातली निम्मी घरी आहेत, बाई तर एकही नाही. हा गावाचा शब्द नव्हे, हा गोंगाट आहे. मला आठ दिवस द्या.’

वकील गाडीवरून खाली उतरत म्हणाले, ‘मास्तर, लोक पेटलेले असताना तुम्ही आठ दिवस मागता?’

‘पेटलेल्याला विचारता येत नाही, वकीलसाहेब. म्हणूनच मागतो.’

आतोबा त्या शिपायाचा हात धरून चालू लागले. गर्दीनं वाट दिली. का दिली ते आजही मला सांगता येणार नाही. कदाचित त्यातले निम्मे त्यांच्या शाळेत शिकले होते म्हणून असेल.

आठ दिवस ते गावात घरोघर हिंडले. मी दोन दिवसांची रजा काढून बरोबर होतो. उंबऱ्याशी उभं राहायचं आणि विचारायचं, ‘रान कसं वापरायचं, तुमचं म्हणणं काय?’ पाटलाला जसं विचारलं तसंच एका विधवेला. तिला आधी वाटलं की मास्तर वर्गणी मागायला आलेत. शेवटी ते डोंगराच्या कुशीतल्या कातकरीवाडीत गेले. तिथला नाईक, म्हणजे त्यांचा पुढारी, म्हातारा माणूस. तो एवढंच म्हणाला, ‘आमाला कोन इचारत नाय, म्हून आमाला सांगाया येत नाय.’ आतोबा त्याच्या झोपडीसमोर दुपारभर बसले आणि परतले. दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन बसले. तिसऱ्या दिवशी नाईक आपण होऊन बोलला. त्यांच्या वाडीचा झरा दोन उन्हाळ्यांपासून आटत होता. ‘वरचा डोंगर बोडका झाला म्हून आटला. सरकार आत्ता आला. डोंगर तुमी आधीच सोलला.’

आतोबांनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं आणि देवळापुढे गाव जमलं तेव्हा वाचून दाखवलं. शेतकरी खवळले. कातकऱ्यानं आम्हाला शिकवावं का, असं एकानं विचारलं. आतोबा म्हणाले, ‘माझं शेत वरच्या अंगाला आहे. मीही तिथूनच तोडत आलो. त्यात माझाही कोयता आहे.’ विचारणारा खाली बसला. सूर्य कलेपर्यंत वाद चालला आणि गावाचा शब्द ठरला: खालच्या उतारावरच तोडायचं, प्रत्येक झाडाचे दोन शेंडे राखायचे, वरच्या डोंगराला कोणी हात लावायचा नाही. सात जण विरुद्ध होते. त्यांची नावं आणि कारणंही लिहिली गेली.

कातकऱ्याच्या दारात तीन दिवस बसून आले, ही बातमी आत्याच्या कानावर आधीच पोहोचली होती. आतोबा कल्याणला परतले तेव्हा तिनं न बोलता, विटाळ जावा म्हणून, न्हाणीघरात पाणी काढून ठेवलं होतं. आतोबांनीही न बोलता अंघोळ केली.

दुसऱ्या दिवशी पहाटे ते पुन्हा गावाला निघाले. सकाळी खालच्या उतारावर चढून एका ऐनाच्या झाडाचे डहाळे तोडले, दोन शेंडे राखले, मोळी बांधली, आणि त्या साठीच्या माणसानं ती डोक्यावर घेऊन चौकीवर नेऊन टाकली. शिपायाला म्हणाले, ‘कायदा मोडला आहे. मला पकड.’

शिपायाच्या डोळ्यांत पाणी आलं. ‘तुमाला कसा पकरू, मास्तर?’

‘तुझी नोकरी आहे. पकडलं पाहिजेस.’

त्याला लिहिता येत नव्हतं, म्हणून आतोबांनी स्वतःविरुद्धचा रिपोर्ट स्वतःच लिहिला आणि त्यावर त्याचा अंगठा घेतला.

चौकशी ठाण्याला, माझ्याच साहेबांपुढे निघाली, आणि जबानी उतरवून घ्यायला मीच बसलो होतो. साहेबांना मराठी बरी येत होती. त्यांनी विचारलं, ‘तुम्ही राणीसरकारचं राज्य मानत नाही?’

‘मानतो. सारा भरतो, टपालाला तिकीट लावतो. पण हा डोंगर राणीला दिसत नाही, तुम्हालाही दिसत नाही. आम्हाला रोज दिसतो. ज्याला रोज दिसतो त्यानं ठरवावं, आणि ठरवलेलं आधी स्वतः पाळावं.’

‘उद्या प्रत्येक गाव हेच म्हणेल.’

‘घरोघर विचारून, नावं लिहून म्हणत असेल, तर म्हणू द्यावं.’

माझा टाक थांबला होता. आतोबा माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘लिही रे. बोललो तसं लिही.’ साहेबांनी मान वर केली. ‘तुम्ही यांना ओळखता?’ नोकरी लागून वर्षही झालं नव्हतं. तरी मी म्हणालो, ‘हे माझे आतोबा आहेत.’ आयुष्यात मी धाडसाचं एवढं एकच वाक्य बोललो असेन.

साहेब आतोबांनी सोबत आणलेली गावची यादी वाचू लागले. शेवटच्या सात नावांवर त्यांचं बोट थांबलं. ‘हे विरुद्ध आहेत. यांना का लिहिलं?’

‘तेही गावच आहे.’

‘आणि हा तर आमचाच शिपाई. याचंही मत घेतलंत?’

‘त्याचं घर माळावर आहे. तोडायला परवानगी दिली तर आपली नोकरी जाईल, असं त्याचं म्हणणं. खोटं नाही ते.’

साहेबांनी कागद खाली ठेवला. कायदा कायदा होता. त्यांनी पंधरा दिवसांची साधी कैद दिली, आणि ती यादी आपल्या दप्तरात ठेवून घेतली. आतोबा कचेरीच्या पायऱ्या उतरू लागले तेव्हा आवारातली माणसं आपोआप उभी राहिली. शिक्षा झालेला माणूस इतका ताठ चालताना मी त्याआधी पाहिला नव्हता. ऐकलेली सगळी व्याख्यानं त्या घटकेला फार लांबची वाटली.

तुरुंगात त्यांनी अधिकाऱ्यांचं सगळं ऐकलं. मला नवल वाटलं तर म्हणाले, ‘शिक्षा मी पत्करली आहे. म्हणजे ती माझीच.’ सुटले त्या दिवशी वकील वाजंत्री आणि हार घेऊन दाराशी हजर. ‘मास्तर, लोकांनी तुम्हाला डोक्यावर घेतलंय.’ आतोबांनी विचारलं, ‘किती जणांनी?’ वकील मनापासून हसले. हार घालून घेऊन आतोबा माझ्याबरोबर पायी स्टेशनाकडे निघाले. वाटेत म्हणाले, ‘माणूस वाईट नाही. त्याला लोक फार आवडतात. फक्त एकेकटे आवडत नाहीत.’

पुढच्या वर्षी खालच्या उतारावर राब तोडायला परवानगी मिळाली, दोन शेंडे राखण्याच्या अटीवर. हुकमात गावाचा उल्लेख नव्हता. वर्तमानपत्रात वकिलांचं नाव आलं. आतोबांना त्याचं काहीच वाटलं नाही. त्यांचं शेत वरच्या अंगाला असल्यानं त्यांना राब अपुरा पडला आणि त्या साली भातही बेताचाच आला. शिपायाची नोकरी टिकली. वाडीचा झरा मात्र तिसऱ्या उन्हाळ्यापासून पुन्हा वाहू लागला, असं आतोबा सांगत. सांगताना त्यांच्या आवाजाला जो हळुवारपणा येई, तो मी एरवी कधी ऐकला नाही.

त्यानंतर सहा-सात वर्षांनी, एका कार्तिकात, दोन दिवसांच्या तापानं ते गेले. तेराव्याला कातकऱ्यांचा नाईक खडवलीकडून चालत कल्याणला आला. पळसाच्या पानांच्या द्रोणात मध आणला होता. तो अंगणाच्या कडेलाच उभा राहिला. आत्या बाहेर आली, त्याला पाहिलं, आणि स्वतः ओटीवर घोंगडी अंथरून म्हणाली, ‘बसा.’ तो बसला. मधाचा द्रोण आत्यापुढे ठेवला. मग तो म्हणाला, ‘आमच्याकडं कोन येत नव्हता. ह्यो आला, तीन दिस बसला.’

निघताना त्यानं मला विचारलं, ‘तुमी याल का?’

मी म्हणालो, ‘येईन.’

मी खरंच जायचं ठरवलं होतं. पण कचेरीत बढती मिळाली, बदली झाली, पावसाळा आला, घरात लग्न निघालं. माझ्या सहीनं पुढे किती हुकूम किती गावांना गेले याची मला आठवण नाही. चार वर्षांनी खडवलीला कामानिमित्त उतरलो आणि वाडीवर गेलो, तेव्हा नाईकाची झोपडी रिकामी होती. शेजारच्या बाईनं सांगितलं की म्हातारा मागल्या उन्हाळ्यात गेला. जाईपर्यंत संध्याकाळचा दारात बसायचा, कोणी येईल म्हणून.